कृपयारावांचा घरचा आवाज

कृपयारावांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून आयुष्यभर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं सांगत राहिल्यावर दुसरं काय होणार? फळवाला, पोस्टमन, शेजारची पोरं, सगळीच त्यांना कृपयाराव म्हणायची आणि तेही खुशाल ओ द्यायचे. आवाज होताच तसा. भारदस्त, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. गाडी उशिरा येणार हे ते इतक्या आदबीने सांगायचे की तावातावाने उठलेला प्रवासी आपलंच काहीतरी चुकलं असावं अशा चेहऱ्याने पुन्हा बाकावर बसायचा.

घरी आले की मात्र तो आवाज ते शर्टाबरोबर खुंटीला टांगायचे. घरातले कृपयाराव म्हणजे निव्वळ कटकट, चेष्टा आणि आरडाओरडा. "अगं, माझा टॉवेल कुठे पळाला?" "अगं, मिठाचा भाव उतरलाय का काय?" स्थानकावर प्रत्येक गोष्ट तीनदा सांगणारा हा माणूस घरात एकदा बोललेलं दुसऱ्यांदा सांगायला तयार नसायचा. त्यांच्या बायकोला याचा भारी राग यायचा. तिला सगळे काकू म्हणत, आपणही काकूच म्हणू. काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, कडा घोटायच्या आणि बसवून द्यायच्या. दिवसभर त्या यंत्राच्या घरघरीत बसून बायकोच्या कानांवर परिणाम झालाय, असं कृपयारावांचं म्हणणं. नवरा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, असं काकूंचं. हा वाद लग्नाइतकाच जुना होता आणि तो मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

आणि मग कृपयारावांच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. "शिर सलामत तर पगडी पचास," काकू घरी येताना म्हणाल्या. एरवी अशा वाक्यावर कृपयारावांनी दहा शेरे मारले असते. त्या दिवशी ते वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले.

रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी आपला आवाज भरपूर रेकॉर्ड करून ठेवायचा. त्यावरून संगणक तो आवाज शिकतो. मग पुढे माणूस छोट्या यंत्रावर जे टाइप करेल ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं. त्यासाठी तिने वाक्यांचं एक बाडच हातात ठेवलं. भाषेतले सगळे उच्चार यावेत म्हणून ती वाक्यं बनवलेली, त्यामुळे अर्थाच्या नावाने आनंद. 'निळ्या पेटीत सात जुन्या छत्र्या आहेत.' 'झाडावरची घुबडं उंटाकडे ढुंकूनही बघत नाहीत.'

कृपयाराव कामाला लागले. आतल्या खोलीच्या खिडकीला ब्लँकेटं लावली, पंखा बंद केला, स्थानकावरच्या जुन्या सोबत्याकडून चांगला माइक मागून आणला, आणि माइक समोर आल्याबरोबर व्हायचं तेच झालं. खुंटीवरचा आवाज खाली उतरला. निळ्या पेटीतल्या छत्र्या जणू फलाट क्रमांक चारवर लागल्या होत्या आणि घुबडांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल प्रशासन दिलगीर होतं. डॉक्टरणीने पहिली चार वाक्यं ऐकली आणि बिचारी चाचरत म्हणाली, "काका, थोडं घरी बोलता तसं बोलाल का?"

"माइकसमोर मी घरच्यासारखा बोलत नाही," कृपयाराव म्हणाले. त्यांना ते अपमानास्पदच वाटलं.

शिवाय स्वभाव असा चोख, की एक खोकला चालायचा नाही, एक श्वास मोठा झालेला चालायचा नाही. माइक तासन्‌तास चालू ठेवायचे, नंतर संगणकावर बसून त्यातलं एकेक वाक्य तांदळातल्या खड्यासारखं निवडायचे, ते वेगळं जपून ठेवायचे आणि उरलेलं सगळं पुसून टाकायचे. उरलेल्याला त्यांनी नावच दिलं होतं, कचरा. हे सगळं होतं चष्म्याच्या डबीएवढ्या एका हार्ड डिस्कवर. एवढ्यात गाठ वाढतेय असं दिसलं आणि ऑपरेशन अलीकडे ओढलं गेलं. डॉक्टरीण डिस्क मागत राहिली आणि हे "दोन-चार वाक्यं अजून घासायचीत" म्हणत राहिले. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तीनदा सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या आवाजाची प्रत मात्र नेमकी एकच ठेवली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. त्यांना घरी आणायच्या दिवशी काकूंनी कपाटावरची पिशवी खाली ओढली आणि पिशवीबरोबर डिस्कही आली. काकूंनीच ती तिथे सुरक्षित राहावी म्हणून चष्म्याच्या मऊ कापडात गुंडाळून ठेवली होती. फरशीवर आवाजही फार झाला नाही. काकूंनी ती उचलली, पुसली, कानाशी धरून हलवली. वरून कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं. संगणकाला लावल्यावर मात्र ती आतून टक्‌, टक्‌, टक्‌ करायला लागली आणि पडद्यावर काही उमटेना.

मग धाकटे दीर आले. दुष्काळात तेरावा महिना. कुठलीही वस्तू बिघडली की "थांबा वहिनी, मी बघतो" म्हणत पुढे होणारे, आणि बघून झालं की ती वस्तू भंगारात द्यावी लागणारे. त्यांनी डिस्क घरातल्या संगणकाला लावली, स्वतःच्याला लावली, शेजाऱ्यांच्याला लावली. दरवेळी टक्‌टक्‌. मग कुठेतरी वाचलं होतं म्हणून पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. "थंडीने धातू आकसतो, वहिनी." सकाळी पुन्हा लावली तेव्हा आतून पातेलं खरवडल्यासारखा आवाज आला आणि नंतर तोही बंद झाला. दिरांनी डिस्क पुन्हा पिशवीत घातली. "कंपनीच भिकार आहे," म्हणाले आणि जेवायला बसले.

हे कृपयारावांना सांगायचं कसं? काकूंनी मनात दहा वेळा वाक्य जुळवलं, आणि सांगताना सगळंच विसकटलं. कृपयारावांनी ऐकून घेतलं, बायकोच्या हातावर थोपटलं आणि पाटीवर लिहिलं, 'जाऊ दे.' त्यांनी थैमान घातलं असतं तर काकूंना सोसलं असतं. ते थोपटणं मात्र काही केल्या सोसेना.

रुग्णालयाने तात्पुरतं म्हणून तयार आवाजाचं यंत्र दिलं होतं. कृपयारावांनी त्यावर 'पाणी दे' असं टाइप केलं. यंत्रातून कुणा तरुणाचा तुळतुळीत आवाज आला, बँकेच्या फोनवर असतो तसा. "अगंबाई, घरात परपुरुष शिरला की हो," काकू हसत म्हणाल्या. चेष्टा करायची सवय, तोंडातून निघून गेलं. कृपयारावांनी यंत्र बंद करून खणात टाकलं आणि पुन्हा काढलं नाही.

सुरुवातीला ते पाटीवर लिहायचे. मग नुसत्या खुणा करायला लागले. मग खुणाही कमी झाल्या. लेकीचा परगावाहून फोन आला की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. काकूंनी दोघांचंही बोलणं आपल्याकडे घेतलं. "भूक लागली का? लागलीच असेल. वाढते. भात घालू का आणखी? नको ना, कळलं." असं दिवसभर. शेजारणीला त्याचं हसू यायचं, पण काकू घाबरल्या होत्या. जखम भरत होती, तपासण्या चांगल्या येत होत्या, आणि माणूस मात्र आतून दार लावून घेत होता. आवाज गेल्याचं दुःख होतंच, पण नवऱ्याची बोलायची इच्छाच मरत चाललीय हे त्यांना दिसत होतं, आणि ती एकदा मेली तर कुठलंच यंत्र उपयोगाचं नव्हतं.

डॉक्टरणीने एक पत्ता दिला. "मेलेल्या डिस्कमधून माल काढणारी एक बाई आहे. खात्री नाही, पण जाऊन तर बघा."

ती जागा एका छापखान्याच्या वर होती. जिन्यात शाईचा वास आणि वर एकच दार. आत भिंतभर अरुंद खण, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि खणाखणांत जुन्या डिस्क. मधोमध काचेची पेटी, तिच्यातून गाळलेली हवा सतत वाहत होती. टेबलाशी बसलेल्या बाईचे केस बारीक कापलेले होते, बोटं आखूड, जाडसर. ती नाकावरून घसरणाऱ्या वाकड्या चष्म्यातून बघत होती. काकूंचं लक्ष आधी त्या चष्म्याकडे गेलं. डावीकडची काडी वाकली होती आणि काचेवर ओरखड्यांचं जाळं होतं.

"चूक माझीच आहे हो," काकूंनी सुरुवात केली. "मीच वर ठेवली, मीच पाडली..."

"इथे आलेलं प्रत्येक माणूस आधी गुन्हा कबूल करतं," डिस्कवाली म्हणाली. "ते राहू द्या, काकू. कुठून पडली, पडल्यावर किती वेळा चालू केली, आणि नंतर कुणी कुणी हुशारी केली, तेवढंच सांगा."

काकूंनी दिरांची सगळी कर्तबगारी सांगितली. फ्रीजरपाशी आल्यावर डिस्कवालीने डोळे मिटून घेतले. "भाऊजींना माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली. "अशी माणसं आहेत म्हणून माझं चाललंय."

मग तिने समजावून सांगितलं. डिस्कच्या पोटात आरशासारख्या चकचकीत थाळ्या असतात, त्या गरगर फिरतात. त्यांच्यावरून एक इवलीशी सुई तरंगत जाते. टेकत नाही, केसाहूनही कमी अंतर राखून जाते. डिस्क पडल्यावर ती सुई वाकली. तेव्हाच थांबला असतात तर फक्त सुई बदलून भागलं असतं. दरवेळी चालू केल्यावर वाकलेली सुई थाळीवर घासत गेली.

तिने हात धुतले, मोजे चढवले, काचेच्या पेटीत हात घालून झाकणाचे बारीक स्क्रू काढले. थाळी भिंगाखालून पडद्यावर मोठी दिसायला लागली. काठापासून थोडं आत एक राखाडी वलय होतं. काकूंना कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"हे घोटून जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"वरचा थर गेला की गेला. आमच्याकडेही तसंच."

"तसंच," डिस्कवाली म्हणाली आणि पहिल्यांदा तिने काकूंकडे नीट बघितलं. "पण बाकीची थाळी ठीक दिसतेय. आता हिच्यासारखीच, त्याच जातीची दुसरी डिस्क शोधायची आणि तिची सुई हिला लावायची. तिला आम्ही दाता म्हणतो. गोत्र जुळायला लागतं, नुसतं नाव एक असून चालत नाही. मी शब्द देत नाही हां, काकू."

"देऊ नका," काकू म्हणाल्या. "शब्द न देणारा माणूस काम तरी करतो."

दाता लवकर मिळेना. एक मिळाला तो आतून निराळा निघाला, दुसऱ्याची सुई आधीच गेलेली. काकू दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन छापखान्याचा जिना चढायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जेवायच्या आणि परत जायच्या. विचारायच्या काही नाहीत. डिस्कवालीने आधी दोन-तीनदा कपाळाला आठ्या घातल्या, मग तिने स्टुलावरची खोकी आपणहून उचलून ठेवायला सुरुवात केली. घरी काकूंनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एकदा आशा मोडली होती, ती पुन्हा मोडायला त्यांचं मन तयार नव्हतं. कृपयारावांनीही कुठे जातेस असं विचारलं नाही, पाटीवरही नाही. पूर्वी पाच मिनिटं उशीर झाला तर उलटतपासणी व्हायची.

अखेर एक दाता जमला. सुई बसली, थाळ्या फिरल्या, आणि संगणक कण कण उचलायला लागला. चांगला भाग आधी, खरवडलेला भाग सर्वांत शेवटी, तोही घाबरत घाबरत. ते काम चालू असताना डिस्कवालीने काकूंना येऊ दिलं नाही. मग एका दुपारी दुकानात फोन आला.

"बसा," काकू आत आल्यावर ती म्हणाली. "आधी वाईट सांगते. काकांनी निवडून ठेवलेली वाक्यं गेली. सगळी. नेमकी त्या वलयावर होती. नावं दिसतायत, छत्र्या, घुबडं, सगळी, पण नावाच्या आत काही नाही. मी तीन पद्धतींनी बघितलं. ती परत येणार नाहीत."

काकू स्टुलावर बसल्या होत्या म्हणून बरं. त्यांच्या डोळ्यांसमोर ब्लँकेटं लावलेली ती खोली आली, आणि तापल्या खोलीत घाम पुसत एकेक वाक्य घासणारा आपला नवरा. घशात गाठ असलेल्या माणसाने केवढे कष्ट घेतले होते, आणि आपण ते एका पिशवीपायी घालवले. त्यांना रडूही येईना.

"ऐका तर पुढे," डिस्कवाली म्हणाली. "काकांनी बरंच काही पुसलंही होतं ना?"

"तो कचरा हो. निवडून उरलेला."

"डिस्कवर पुसलं म्हणजे काय होतं माहितीय? दारावरची पाटी काढतात, बस. माणूस आत तसाच राहतो, दुसरं बिऱ्हाड येईपर्यंत. काकांच्या कचऱ्यावर नवीन बिऱ्हाड फारसं आलंच नाही, आणि तो होता थाळीच्या चांगल्या बाजूला. तुकडे झालेत, नावं नाहीत, मागचं पुढे झालंय. पण आहे. भरपूर आहे. फक्त हा आवाज काकांचाच का, ते मला कसं कळणार? मी त्यांना कधी ऐकलेलं नाही. तुम्ही ओळख पटवा."

तिने काकूंच्या कानांवर हेडफोन चढवले आणि एक तुकडा लावला.

आधी नुसती खरखर, कागदाची सळसळ. मग स्थानकावरचा तो भारदस्त आवाज म्हणाला, "तुझं जेवण झालं का." थांबला. पुन्हा म्हणाला, "तुझं, जेवण, झालं का." मग कुणीतरी जोरात उसासा टाकला. "छे! कृपया जेवून घ्यावे, असं वाटतंय," कृपयाराव स्वतःशीच पुटपुटले, आणि मग ओरडले, कानाचे पडदे फाटतील असे, "अगं! अगं, ऐकलंस का? तुला मी हाक कशी मारतो गं?"

लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, काकूंचाच आवाज आला. "हाक कुठे मारता? नुसते ओरडता की!"

आणि कृपयाराव हसले. पोटातून, खोकत, थांबता थांबेना असे. हसता हसता म्हणाले, "लिहून घेतो हं, बायकोची तक्रार नोंदवण्यात आली आहे," आणि तुकडा संपला.

काकूंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. इतके दिवस न आलेलं रडू आता आलं आणि त्यांनी ते अडवलं नाही. हा आवाज आपण विसरत चाललो होतो, हे त्यांना आत्ता कळलं. आठवणीत राहिला होता तो स्थानकावरचाच. हा घरातला, चिडका, चेष्टेखोर, अर्धे शब्द खाणारा आवाज कुणी कधी जपून ठेवलाच नव्हता. तो रोजचा होता ना. डिस्कवाली उठून खिडकीपाशी गेली आणि तिथे काहीच नसताना काहीतरी शोधत राहिली.

"तेच आहेत," काकू शेवटी म्हणाल्या. "आणखी लावा."

तुकड्यांमागून तुकडे. खिडकी नीट लागत नाही म्हणून सुताराचा उद्धार. 'उंटाकडे ढुंकून बघायला घुबडांना वेळ आहे का,' असा सवाल; त्याला काकू डोळे पुसता पुसता हसल्या. शेजारची पोरं जिन्यात दंगा करतात म्हणून आरडाओरडा, आणि लगेच त्यांनाच हाक मारून, "खाऊ घेऊन जा रे, माकडांनो." लेकीशी फोनवर बोलणं, अगदी हळू आवाजात, "तुझ्या आईला सांगू नकोस, पण मला भीती वाटतेय." त्या तुकड्याला काकूंनी हात वर करून थांबवलं, थोडा वेळ गेल्यावर पुन्हा लावायला सांगितलं आणि शेवटपर्यंत ऐकला.

निघायची वेळ झाली तरी काकूंना उठवेना. आभार कसे मानायचे? आयुष्यभर गिऱ्हाइकांचे आभार ऐकले होते, स्वतः मानायची वेळ आली तर एक शब्द सापडेना. "तुम्ही मला माझा माणूस..." एवढंच म्हणून त्या अडकल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "तो चष्मा द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना. पहिल्या दिवसापासून माझे हात शिवशिवतायत."

पर्समधला बारीक पेचकस निघाला. काकूंनी काडी गरम पाण्याच्या कपात बुडवून सरळ केली, नाकाची बैठक बसवली आणि काचांचा नंबर विचारून घेतला. नव्या काचा आठवडाभरात आणून देईन, म्हणाल्या. डिस्कवालीने चष्मा चढवून डोकं हलवून बघितलं. तो घसरला नाही.

"काकू, इथे येणारी निम्मी माणसं रिकाम्या हाताने जातात," ती म्हणाली. "त्यांना तोंड कसं द्यायचं ते मला अजून जमलेलं नाही. तुम्ही आज इथे बसून हसलात, रडलात, मला बरं वाटलं. आभार माझ्याकडूनही घ्या."

डॉक्टरणीने ते तुकडे ऐकले आणि खुर्चीत सरळ होऊन बसली. "काकू, मला हेच हवं होतं. मी काकांना सांगत होते ते हेच. त्या छत्र्यांवरून आवाज बनवला असता तर तुमच्या घरात बसस्थानक आलं असतं. यातून माणूस येईल." हसण्याचा तुकडा तिने तसाच वेगळा ठेवला. यंत्रावर हसण्याचं बटण करून देईन, म्हणाली. घरी जाताना काकू विचार करत राहिल्या. डिस्क पडली ते बरं झालं, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना, पण मनातल्या मनात त्यांनी दिराला माफ करून टाकलं.

धास्ती एकच उरली होती. ज्याचा आवाज त्याला हे रुचेल का? एक खोकला चालू न देणाऱ्या माणसाने पुसून टाकलेला कचरा आपण उकिरड्यातून उचलून आणला होता. आपली उत्तम वाक्यं गेली आणि ही बडबड राहिली, हे कळल्यावर ते पुन्हा हातावर थोपटतील आणि यंत्र खणात टाकतील. या वेळी टाकलं तर ते कायमचं, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरणीने यंत्र घरी आणून दिलं, कसं वापरायचं ते दाखवलं आणि ती मुद्दाम लवकर निघून गेली. दुपारचं ऊन जेवणाच्या टेबलावर आलं होतं. कृपयाराव खुर्चीत बसले होते, यंत्र समोर, हात मांडीवर. काकू उभ्याच राहिल्या आणि सुरू झाल्या.

"हे बघा, चार्जिंग रोज करायचं, मी करेन, तुम्ही विसराल. आवाज कमीजास्त इथे होतो. आणि आधीच सांगते, तुमची ती चांगली वाक्यं नाही मिळाली हो. खूप शोधली त्या बिचारीने. हा आपला तुमचा कचराच आहे. रागवाल तुम्ही, मला माहितीय. म्हणाल, मला न विचारता कशाला उचापती केल्यास. पण मी म्हटलं, काहीच नसण्यापेक्षा... आणि नसेल आवडला तर नका वापरू, माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला काय वाटतं? आवडणार नाही म्हणा तुम्हाला. छत्र्यांवर किती मेहनत घेतली होतीत तुम्ही. म्हणजे तुम्ही आता असंच म्हणणार, की..."

कृपयारावांनी एक बोट उचललं होतं. एकेक अक्षर शोधत ते दाबत होते. काकूंना ते दिसत होतं, म्हणूनच त्या थांबत नव्हत्या. ज्या क्षणी आपण थांबू त्या क्षणी निकाल लागणार, अशी भीती त्यांना वाटत होती.

"...की डॉक्टरणीला परत देऊन टाक. तर देते मी, त्यात काय एवढं, उद्याच्या उद्या..."

"अगं, मला बोलू दे की!"

आवाज मोठा होता, चिडका होता, शेवटचा शब्द अर्धा खाल्लेला होता. यंत्रातून आला, पण आला तो थेट टेबलाच्या पलीकडून, नवरा बसला होता तिथून. कृपयाराव स्वतःच दचकले. यंत्राकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. मग पुन्हा खाली वाकून घाईघाईने पुढचं टाइप करायला लागले.

काकूंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी गप्प बसवलं होतं. त्या गप्प बसल्या आणि ऐकू लागल्या.